गावातल्या भुताखेताच्या जागांची वही करतोय: देवचार, गिऱ्हा, चकवा यांची नोंद कशी ठेवावी?

तळकोकणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यातल्या एका गावाच्या वाचनालयासाठी तिथल्या भुताखेताच्या गोष्टी आणि जागा यांची वही करायची आहे. गावाला वर कातळाचा सडा (उघडं पठार), मधून व्हाळ (ओढा), खालच्या अंगाला खाडी. जुनी माणसं सांगायला तयार आहेत, पण जे हाती येतंय त्यात घोळ आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

एकाच वडाखाली एक वाडी देवचार सांगते, दुसरी मुंजा, तिसरी म्हणते "थंय मूळ वस आसा" (वस म्हणजे मूळ घराण्याच्या पूर्वजाचं स्थान). यातलं खरं कुठलं धरायचं? देवचाराला भुतांत घालायचं की देवांत? चकवा हे भूत आहे की जागा? एका पडक्या विहिरीबद्दल "ती माणसा घेता" असं सगळेच सांगतात, ते कसं लिहावं? आणि शेवटचं म्हणजे तरुण पोरांना भूत मोजायचं यंत्र (ते ईएमएफ मीटर, विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं) घेऊन रात्री सड्यावर जायचंय. त्याचा काही उपयोग?

---

पाणंद

तुमच्या वहीचं पहिलं पान भुतांच्या प्रकारांनी सुरू होत असेल तर ते फाडा. पहिलं पान जागांचं करा. कोकणात भूत हे जागेला चिकटलेलं असतं, आणि जागा काय प्रकारची आहे त्यावर तिथे कोण बसणार हे बरंचसं ठरतं. शिवेवर देवचार, खाडीच्या उतारावर (पायी ओलांडायच्या जागी) गिऱ्हा, उघड्या सड्यावर चकवा, पिंपळाला मुंजा, पडक्या घरठाणावर समंध, तिठ्यावर जे काही उतरवून टाकलेलं असेल ते. प्रकारांच्या यादीपासून निघालात की सगळी गोष्ट त्या साच्यात कोंबावी लागते. जागेपासून निघालात तर एका वडाखाली तिघं जण राहिले तरी अडचण येत नाही. तिन्ही नोंदी ठेवायच्या, कुठल्या वाडीने कुठली सांगितली ते लिहायचं. बहुतेक वेळा असं दिसतं की ज्या वाडीची राखण (वर्षाचं देणं) त्या वडाला जाते ती देवचार किंवा वस म्हणते आणि जिचा त्या जागेशी देण्याघेण्याचा संबंध नाही तिला तिथे भूत दिसतं. हा फरक हीच तुमची खरी माहिती. तो पुसू नका.

प्रकार मात्र माहीत हवेत, नाहीतर प्रश्नच विचारता येत नाहीत. ढोबळ हिशोब असा की माणूस कुठल्या अवस्थेत अडकून मेला त्यावरून नाव पडतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. वंश किंवा धन यात जीव अडकून गेला तो समंध, ब्राह्मण असेल तर ब्रह्मसमंध. बाईचं तर फारच बारीक गणित: सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ, आणि तिलाच पुष्कळ ठिकाणी आलवंतीण म्हणतात. म्हणजे जिवंतपणी जो संस्कार किंवा जे पद अर्धवट राहिलं तेच मेल्यावर नाव होऊन बसतं. खवीस जुन्या नोंदींत परधर्मीयाचं भूत म्हणून येतो. अख्खी जातव्यवस्था या यादीत जशीच्या तशी उतरली आहे, हे लिहिताना डोळ्याआड करू नका.

या यादीचा उगमही ठाऊक असू द्या. ए. एम. टी. जॅक्सन यांनी (नाशिकचे कलेक्टर, १९०९ मध्ये कान्हेऱ्यांनी गोळी घातली तेच) जमवलेलं लोकसाहित्य आर. ई. एन्थोवन यांनी पुढे छापलं. कोकणाचा भाग १९१५ चा. ती माहिती बहुतांशी गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांतून आली. त्यामुळे ती मौल्यवान आहे, पण तिला मास्तरांचा चाळणा लागलेला आहे. "अमुक जातीचा मेला की तमुक भूत" ही काटेकोर वाटणी वाड्यांवर इतकी काटेकोर कधीच आढळत नाही. आज नेटवर "कोकणातील भुतांचे प्रकार" म्हणून जे फिरतं ते बव्हंशी त्याच यादीचं नक्कल करत करत आलेलं रूप आहे. सांगणाऱ्याने तीच यादी त्याच क्रमाने म्हटली तर समजा की ती मोबाईलवरून आली.

---

घाडीवाडा

देवचाराबद्दल. त्याला भुतांत घालू नका, गावात गेल्यावर तोंडावर पडाल. देवचार हा राखणदार. गावाच्या चार दिशांना चार, प्रत्येकाची हद्द ठरलेली. रात्री हद्दीवरून फेरी मारतो, हातात घुंगुरकाठी, पायात वहाणा. जुन्या गोष्टींत तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो आणि वाटेत विडी मागतो. त्रास देतो तो राखण चुकली तर.

राखण म्हणजे वर्षाचं देणं. कुठे नारळ, कुठे कोंबडा, सोबत भाकरीचा रोट, विडी, थोडी दारू. पेरणीआधी की कापणीनंतर हे गावागणिक बदलतं आणि कुठल्या घराने द्यायची तेही ठरलेलं असतं. नोंद करताना पदार्थ, दिवस, देणारं घर, गाऱ्हाणं (देवाला हाक मारून केलेली विनवणी) घालणारा कोण आणि ते अन्न नंतर कोण खातो, या पाच गोष्टी विचारा. शेवटची सगळे विसरतात. काही ठिकाणी रोट तिथेच संपवावा लागतो, घरी न्यायचा नाही. काही ठिकाणी बायकांनी खायचा नाही. जागा किती कडक मानली जाते ते यावरून कळतं.

आणि एक हातची युक्ती सांगतो. तुम्हाला गावातल्या जागांची यादी हवी असेल तर घरोघर फिरण्याआधी गावच्या देवळातलं पूर्ण गाऱ्हाणं ऐका. त्यात ग्रामदेवतेपासून शिवेपर्यंतची स्थळं क्रमाने येतात: पूर्वस, वस, ब्राह्मण, महापुरुष, देवचार, चाळे (लहानसहान भुतं). आजच्या पोरांना ठाऊक नसलेली, झाड पडलेली, रस्त्यात गेलेली ठिकाणंसुद्धा त्या हाकेत शिल्लक असतात. मात्र घाडी (देवळात गाऱ्हाणं घालणारा) आणि गावकर (गावचा मानकरी) यांची परवानगी घेतल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही, आणि "एकदा नुसतं म्हणून दाखवा" असंही म्हणायचं नाही. गाऱ्हाणं म्हटलं की ते घातलं गेलं असं मानतात. नारळ ठेवल्याशिवाय कोणी तोंड उघडणार नाही. जत्रेच्या, शिमग्याच्या वेळी खरं गाऱ्हाणं होतं तेव्हाच ऐका.

वेतोबाचंही असंच. बाहेरचा माणूस वेताळ म्हटलं की स्मशान आणि कवट्या लिहून मोकळा होतो. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा ग्रामदैवत आहे, नवसाला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री गावभर फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा. गोव्यात आमोणे, लोलये इथेही बेताळ असाच पूजेतला देव आहे. त्याची अमावास्येची पालखी भुतांच्या लवाजम्यासह निघते अशी गोष्ट सांगणारा आणि त्याला नवस बोलणारा माणूस एकच असतो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही, तुम्हीही ती उभी करू नका.

साती आसरांना सुद्धा कृपा करून "पाण्यातल्या चेटकिणी" लिहू नका. घाटावर विहिरीच्या, तळ्याच्या काठी सात दगड मांडून त्यांना खण, बांगड्या वाहतात. त्या जलदेवता आहेत.

---

भरतीओहोटी

गिऱ्ह्यावर थोडं लांबण लावतो, कारण इथे पंचांग उघडून बसावं लागतं.

गिऱ्ह्याची ठरलेली गोष्ट अशी: रात्री खाडी ओलांडणाऱ्याला पाणी घोट्याइतकं दिसतं, कोणीतरी पुढे चालत "ये ये" म्हणतो, आणि मधोमध गेल्यावर पाणी एकदम छातीला लागतं. जोडीला नेहमीची अट, "अमावास्या-पुनवेला मध्यरात्री उतारावर जाव नये". आता कोकणातल्या भरतीचा कोळी-खारव्यांचा हिशोब लावून बघा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो भरतीचा वाजण्याचा आकडा, दिवसा आणि रात्री दोन्हीकडे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्हींना पंधरा धरा: सव्वाअकरा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणजे उताराच्या जागी बारा-साडेबारा. शिवाय त्या दोन तिथींच्या आसपास उधाण असतं, पाणी एरवीपेक्षा जास्त चढतं. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर, त्यामुळे रोज वेळ पाऊणेक तासाने पुढे सरकते.

म्हणजे ज्या मध्यरात्री गिऱ्हा "हमखास" भेटतो त्याच मध्यरात्री उतारावर सगळ्यात जास्त पाणी असतं. अष्टमीला भांग (सगळ्यात लहान भरती) असते, बाराच्या सुमाराला ओहोटी, आणि अष्टमीच्या गिऱ्ह्याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काठावरून काळोखात पाण्याची खोली कळत नाही, आणि भरतीचं पाणी पाठीमागच्या सखल चरात आधी शिरतं. माणूस मध्यावरच्या उंचवट्यावर पोचेपर्यंत परतीची वाट बुडालेली असते. पुढे "कोणीतरी" चालत असतो तो भाग गोष्टीचा. तो गोष्टीलाच ठेवा.

म्हणून प्रत्येक पाण्याच्या गोष्टीत तिथी, वेळ आणि काठ कुठला (अलीकडून पलीकडे जाताना की येताना) हे लिहून घ्या. आठवत नसेल तर "काळोख होता की चांदणं" विचारा. त्यावरून पंधरवडा तरी लागतो. नदीतल्या कोंडीची (डोहाची) गोष्ट असेल तर तिथे भरती नाही, तिथे तळाच्या कातळातले रांजणखळगे असतात. गुडघाभर पाण्यात चालता चालता पाय अचानक पुरुषभर खोल जातो. कोंडीतलं भूत "पाय ओढतं", खाडीतला गिऱ्हा "फसवून नेतो". बघा, क्रियापदंसुद्धा वेगळी आहेत.

आणि गिऱ्ह्याची दुसरी बाजूही लिहा. त्याचा केस हाती लागला आणि लपवून ठेवता आला तर तो घरगड्यासारखा राबतो, मासे आणून देतो, पण काम संपता कामा नये. केस सापडला की सगळं घर उलटं करून निघून जातो. मुलांना नेमका हा भाग आवडतो, आणि कोरड्या नोंदीत नेमका हाच गळतो.

---

कातळसडा

चकवा म्हणजे जागा की भूत? दोन्ही म्हणतात, पण माझं मत जागा. चकव्याला चेहरा नाही, कपडे नाहीत, तो कोणाचा कोण मेल्याने झाला हे कोणी सांगत नाही. त्याचं फक्त एक काम, माणसाला फिरवून त्याच ठिकाणी आणणं.

सड्यावर हे का होतं ते उघड आहे. नजरेच्या टप्प्यात झाड नाही, चढउतार नाही, पावसात धुकं, आणि श्रावण-भाद्रपदात गवत कमरेइतकं वाढून पायवाट झाकलेली. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २००९ साली जंगलात आणि सहारा वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगून पाहिलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली, ढग आले की गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडू लागली, आणि त्यांना ते कळत नव्हतं. डोळे बांधल्यावर तर काही जण २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले. एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरकस म्हणून माणूस वळतो, ही समजूत त्यात टिकली नाही. "सरळ" कुठे याचा मेंदूतला अंदाज पावलागणिक किंचित सरकतो आणि तो दुरुस्त करायला बाहेरची खूण नसते, एवढंच.

आता गावचे उपाय बघा. चकवा लागला की खाली बसायचं, विडी ओढायची, उजाडेपर्यंत हलायचं नाही. कुठे चपला काढून उलट्यासुलट्या पायांत घालायला सांगतात. चपलांचं काही असो, "बस आणि उजाडू दे" हा सल्ला आजही सड्यावर हरवलेल्याला द्यावा असाच आहे, कारण सड्याची कड म्हणजे बरेचदा सरळ कडा असतो. तेव्हा चकव्याच्या नोंदीत उपाय सविस्तर घ्या. आणि सुटका कशाने झाली ते जरूर विचारा. कोंबड्याची बांग, देवळाची घंटा, दूरचा दिवा, पहाटेची एसटी: बहुतेक गोष्टींत दिशा दाखवणारी एखादी खूण मिळाली की चकवा सुटतो.

यंत्राबद्दल: ते मीटर विजेच्या तारा, मोटारपंप आणि खिशातला मोबाईल यांना वळवळतं. सड्यावरून महावितरणची लाईन गेलेली असेल तर पोरांना भरपूर भुतं सापडतील. त्यापेक्षा त्यांच्या हाती चांगली बॅटरी द्या, गमबूट द्या, आणि दिवसा जागा मोजायला पाठवा. रात्री कातळावर फुरसं (विषारी साप) असतं, त्याच्यापुढे देवचार परवडला.

दिवे दिसल्याच्या गोष्टी येतील त्यांना महिना लावा. मे अखेर ते जूनमध्यापर्यंत काजवे. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मळ्यातून रांगेने हलणारे दिवे हे चढणीचे मासे किंवा कुर्ल्या धरणाऱ्यांचे. भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसला तर ती चमकणारी बुरशी, भीमाशंकरपासून गोव्यापर्यंत सह्याद्रीत आढळते. आवाजांतही तसंच. साळिंदर अंग झाडतं तेव्हा त्याचे काटे एकमेकांवर वाजतात आणि काळोखात तो आवाज घुंगुरांच्या जवळ जातो.

---

घाडीवाडा

@कातळसडा, साळिंदराची गोष्ट ठीक. पण घुंगुरकाठी म्हणजे साळिंदर असं वहीत लिहिलंत तर पुढच्या वेळी सांगणारा माणूस तुमच्याशी फक्त हवामानावर बोलेल. खुलासा आणि कथा यांच्यासाठी वेगवेगळी पानं ठेवा. खुलासा तुमच्या सहीचा, कथा त्याच्या नावाची. शिवाय साळिंदर गावातल्या माणसाला तुमच्याआधीपासून ओळखता येतं, तो त्याची शिकार करत आलाय. त्याने दोन आवाजांत फरक केला असेल तर तोही लिहा.

---

कातळसडा

मान्य. वेगळी पानं.

---

विहीरवाला

माणसं घेणाऱ्या विहिरीचं मात्र वेगळ्या पानावर टाकून चालणार नाही. ते आधी ग्रामपंचायतीला सांगा.

वापरात नसलेल्या, झाडोऱ्याने झाकलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजतो. कुजताना प्राणवायू खाल्ला जातो आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड, त्यामुळे वारा न लागणाऱ्या अरुंद विहिरीत तळाशी साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. गाळ उपसायला किंवा पडलेली कळशी काढायला उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वरचा त्याला धरायला उतरतो, तोही जातो. मग तिसरा. "ती एकाला घेऊन थांबत नाही, तीन घेते" हे वाक्य जिथे ऐकाल तिथे हे आधी डोक्यात आणा. एकामागून एक जाणं ही वायूची खूण आहे. नुसतं बुडून मेलेला माणूस सहसा एकटाच जातो.

जुनी पद्धत म्हणजे कंदील सोडून बघणं. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते, त्यामुळे कंदील विझला तर उतरायचं नाही हे नक्की. पण कंदील जळत राहिला म्हणजे सुरक्षित असं समजू नका: गाळातून विषारी हायड्रोजन सल्फाइड येत असेल तर ज्योत ते सांगत नाही, आणि मिथेन असेल तर ज्योतच घात करते. पानांचे डहाळे दोरीने खालीवर करून किंवा वरून पाणी ओतून हवा ढवळतात, त्याने थोडा फरक पडतो, भरवसा ठेवण्याइतका नाही. कोणी आत पडला तर कमरेला दोर आणि श्वासाचं उपकरण असल्याशिवाय दुसऱ्याने उतरायचं नाही. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवायचं, तोपर्यंत कॉम्प्रेसरचा किंवा पंख्याचा झोत पाइपाने तळापर्यंत सोडायचा.

नोंदीत विहिरीचा व्यास, पाण्यापर्यंतची खोली, कठडा आहे की नाही, शेवटचा उपसा कधी झाला आणि उतरलेली माणसं कशासाठी उतरली होती, हे लिहा. ही मोजमापं विहिरीत न उतरता, वरून दगड बांधलेली दोरी सोडून घ्या.

---

सदाशिवपेठी

नेटवरच्या गोष्टी गाळण्याबद्दल पुण्याचं एक उदाहरण देतो, ताडून बघायला सोपं आहे. शनिवारवाड्यात "दर पौर्णिमेच्या रात्री 'काका, मला वाचवा' ऐकू येतं" हे हजार ठिकाणी छापलंय. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, वार सोमवार, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, ऐन गणपतीत. आणि तो झाला भर दुपारी. रात्रीचा आणि काळोखाचा त्या प्रसंगाशी संबंध नाही. शिवाय मराठी मुलखात भुताची हक्काची तिथी अमावास्या. तरी पौर्णिमा कुठून आली? त्रयोदशीनंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा असते म्हणून कोणी जोडली असेल, किंवा परदेशी भूतकथांतला पूर्ण चंद्र आला असेल. कुठल्याही गोष्टीत तिथी, वेळ आणि जागेचं आजचं रूप तपासलं की असे सांधे दिसतात. १८२८ च्या आगीत वाड्याच्या लाकडी इमारती जळून गेल्या, तेव्हा आज "त्याच दालनातून" आवाज येतो म्हणणाऱ्याला कुठलं दालन ते दाखवायला सांगा.

घाटात लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई पण तशीच. कसारा घाटात सांगतात तीच थोड्या फरकाने जगभर सांगतात. स्टिथ थॉम्प्सनच्या कथाबीजांच्या सूचीत तिला स्वतःचा क्रमांक आहे, ई ३३२.३.३.१. म्हणून ती टाकून देऊ नका. फक्त तुमच्या गावात ती कुठल्या वळणावर उभी राहते आणि ते वळण रस्ता झाल्यानंतरचं आहे का, एवढं टिपा.

---

पाणंद

थोडं प्रत्यक्ष कामाचं, मग थांबतो.

"इथे भूत आहे का?" असं कधी विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "आता खंयची भुता, लाईट इली आणि सगळी गेली." त्याऐवजी विचारा, "तिन्हीसांजेनंतर हयसून जावचा झाला तर काय सांभाळूचा लागता?" मग माणूस हाकामारीपासून (तीन हाका येईपर्यंत ओ द्यायची नाही) ते कुठल्या वळणावर मागे वळून बघायचं नाही इथपर्यंत सगळं सांगतो, कारण आता तो भुतावर विश्वास असल्याचं कबूल करत नाही, नुसती रीत सांगतो.

बोली जशीच्या तशी उतरवा. मालवणीचं प्रमाण मराठी केलंत की "माका दिसला", "दिसला म्हणतत" आणि "दिसता म्हणा होता" यांतला फरक मरतो. स्वतः पाहिलेलं, नाव घेऊन ऐकलेलं आणि उगाच कानावर आलेलं, हे तीन वर्ग समासात खुणेने दाखवा. मोबाईलवर रेकॉर्ड करताना विमान मोड लावा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर कापडावर ठेवा, पंखा बंद करायला सांगा. पावसात पत्र्याखाली बसलात तर काहीही ऐकू येणार नाही. जून-जुलैत निवांत वेळ मिळतो म्हणून सगळे तेव्हाच जातात आणि तिथेच फसतात. फोनमधली फाइल त्याच संध्याकाळी दुसरीकडे उतरवा आणि नावात वाडी, जागा, दिनांक घाला.

नकाशा भूमी अभिलेखचा गाव नकाशा घ्या, त्यावर सर्व्हे नंबर असतात. त्यावर आधी जुन्या पाणंदी, पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), उतार आणि तरी (होडीने ओलांडायच्या जागा) काढा, मग जागा. डांबरी रस्त्याच्या नकाशावर जागा विखुरलेल्या दिसतात, जुन्या पायवाटांवर ठेवल्यात की ओळीने लागतात. रस्ता वळला की काही भुतं जुन्या वाटेवरच राहतात आणि दहा-पंधरा वर्षांत विसरली जातात, काही नव्या साकवावर किंवा पुलावर येऊन बसतात. कुठली आली आणि कुठली राहिली हे लिहिलंत तर वही वाचण्यासारखी होईल.

---

तळकोकणी (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार, वहीची मांडणीच बदलतोय. विहिरीचं आजच सरपंचांच्या कानावर घालतो. अजून एक. दोन गोष्टींत गावातल्या एका हयात बाईचं नाव "करणी करता" म्हणून येतं, आणि एका समंधाच्या जागेखाली धन असल्याचं पाच जण सांगतात. हे वाचनालयात ठेवायच्या प्रतीत घ्यावं का?

---

पाणंद

बाईचं नाव कुठल्याच प्रतीत नको, कच्च्या वहीतसुद्धा नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तुमची वही उद्या कोणाच्या भांडणात पुरावा म्हणून फिरेल. नाव, घर, नातं, वाडी सगळं काढा. उरलं तर एवढंच लिहा की गावात करणीच्या गोष्टी सांगितल्या जातात.

---

घाडीवाडा

धनाच्या जागेचा सर्व्हे नंबर प्रतीत देऊ नका. "गावाच्या उत्तरेला एक पडकं घरठाण" इतपत पुरे. जागा छापली की महिनाभरात कोणीतरी रात्री कुदळ घेऊन येतो, सोबत मांत्रिक आणतो, आणि मूळ जोतं उखडून जातो. ज्या पाच जणांनी सांगितलं त्यांनी धन कशात आहे असं सांगितलं ते मात्र लिहा. हंडा, रांजण, की नुसती "माया". आणि समंध ते कोणाला देणार आहे तेही. त्या अटीत बहुधा मूळ घराण्याचं नाव येतं. ते नाव गाऱ्हाण्यातल्या वसाशी जुळतं का बघा, म्हणजे वडाखालच्या तिघांपैकी एकाचा तरी पत्ता लागेल.